सुगडातली गाजरं

लग्न होऊन मी सांगलीला आले तेव्हा पहिल्याच महिन्यात दोघीजणी मला महिला मंडळात ओढायला आल्या. नदीकडच्या मोकळ्या जागेत सार्वजनिक बाग करायची आहे, म्हणाल्या. सूनबाई इंग्रजी शाळेत शिकलेल्या आहेत असं कळलं, म्हणाल्या. मी खाली मान घालून ऐकलं आणि एवढंच विचारलं, "खत कुठून आणणार?" दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. इतक्या शिकलेल्या मुलीनं पहिला प्रश्न हा विचारावा याचं त्यांना वाईट वाटलेलं दिसलं. चहा घेऊन त्या गेल्या, त्या पुन्हा आल्या नाहीत. सासूबाई म्हणाल्या, "जायचं नव्हतं तर गप्प बसायचं होतंस."

मी गप्पच बसत आले होते. माहेरी साताऱ्याच्या मंडळात मला घेतलं होतं तेही मी गप्प बसते म्हणूनच.

तेव्हा युद्ध चालू होतं. मी पाचगणीच्या शाळेतून नुकतीच घरी आले होते. माझं मराठी ऐकून बायका पदराआड हसत, म्हणून मी बोलणंच सोडलं होतं. रेशनच्या दुकानापुढे रांगा होत्या आणि सरकार 'जास्त पिकवा' म्हणून सांगत होतं. जिल्ह्यात खेडोपाडी पोरं भूमिगत होती, पोलीस दारं ठोठावत होते. आमच्या मंडळात यातल्या कशाचाही उच्चार होत नसे. मंडळ बागेत होतं.

अध्यक्षीणबाई एका नामांकित वकिलांच्या पत्नी. आमच्या पेठेतल्या हौदाचं सांडपाणी जिथून वाहत जाई तिथे नगरपालिकेचा एक तुकडा पडीक आहे असं त्यांनी शोधून काढलं. पडीक म्हणजे काय, तर तिथे मेढ्याकडची एक म्हातारी वांगी, मेथी आणि कोथिंबीर करत असे. तिचा मुलगा पलटणीत, ब्रह्मदेशच्या आघाडीवर. घरी सून आणि लहान नात. सकाळी पाटी डोक्यावर घेऊन ती दारोदार भाजी विकी, त्यावर तिघींचं चाले. हे आमच्या सगळ्या सभासदांना ठाऊक होतं, कारण त्या तिच्याकडूनच भाजी घेत. तरी जागा पडीकच. वकिलांनी शब्द टाकला आणि निम्मा तुकडा मंडळाला मिळाला. म्हातारी कुरकुरली, उरलेल्या निम्म्यात सरकली.

मग बाग सुरू झाली. काम नगरपालिकेचा माळी करी. आम्ही छत्र्या घेऊन कडेला उभ्या राहत असू. विटांच्या कडा करून त्यांना चुना दिला. वाफे लांबोळके पाहिजेत की गोल, यावर दोन बैठका झाल्या. नगरपालिकेची बैलगाडी खत टाकून गेली. काळंभोर, सुकं, भुसभुशीत खत, वास म्हणून नाही. अध्यक्षीणबाईंनी चिमूटभर तळहातावर घेऊन सर्वांना दाखवलं. "बघा, अगदी चहाची भुकटी!" सगळ्यांनी पाहिलं, दोघीतिघींनी हातात घेऊनही पाहिलं. ते कशाचं आहे असं कुणी विचारलं नाही. ती गाडी गावाबाहेरच्या खड्ड्यांकडून येते आणि त्या खड्ड्यांकडे पहाटे झाडूवाले काय घेऊन जातात, हे प्रत्येकीला माहीत होतं. पण ज्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही ते जगात नाहीच, अशी आमच्याकडे रीत. सोवळं नाकडोळ्यांचं नसतं, कानांचं असतं. कानावर पडेपर्यंत सगळं शुद्ध.

म्हातारी मात्र गाडीवानाला हाका मारून स्वतःच्या वाफ्यातही दोन पाट्या टाकून घेई. "सोनखत हाय, लय जोर असतो," ती मला एकदा म्हणाली. "आमच्याकडं उसाला घालत्यात." मी मान हलवली. तिनं माझ्याकडे निरखून पाहिलं. "तुला बोलता येतं का न्हाई गं ताई? का निस्तं इंग्रजीतच येतं?"

गाजरं फार सुरेख आली. संक्रांत जवळ आली तशी अध्यक्षीणबाईंना कल्पना सुचली: या वर्षीचं हळदीकुंकू बागेतच, आणि सुगडांत गाजरं आपली. त्याच दिवशी जिल्ह्याच्या आरोग्य खात्याचे एक मोठे डॉक्टर बाग पाहायला येणार होते. ते मद्रासकडचे, त्यांना मराठी येत नसे. त्यांनी चांगला शेरा दिला की उरलेला निम्मा तुकडाही मंडळाला मिळणार, हे वकिलांनी आतून ठरवून ठेवलं होतं. तिथे गुलाब लावायचे होते. गुलाबांनी जास्त काय पिकणार होतं, हेही कुणी विचारलं नाही.

संक्रांतीच्या सकाळी आम्ही सतरंज्या घालत होतो. अध्यक्षीणबाई म्हातारीच्या वाफ्यापाशी गेल्या.

"हे बघ गं, आज पाहुणे येतायत. तू जरा पलीकडे राहा. आणि आजचा सण झाला की तुझं सामान काढून घे."

"सामान?" म्हातारी उठून उभी राहिली. "आवं बाईसाब, वांगी काय सामान हाय व्हय? हितनं उचललं अन् तितं ठेवलं? फुलावर आल्यात ती."

"देशाचं काम आहे हे. सगळ्यांनीच थोडं सोसायला हवं."

"माजा ल्योक गेलाय की देशाच्या कामाला. का सरकारच्या, त्ये त्यालाच ठावं. आता वांगी बी धाडू म्हनता?"

"तोंड फार आहे तुला."

"तोंड हाय म्हनून तर खायाला लागतंय."

बायका हसल्या. अध्यक्षीणबाई हसल्या नाहीत. "पुढच्या आठवड्यात माळी उपटून टाकील," त्या म्हणाल्या आणि रांगोळी बघायला वळल्या. म्हातारी खाली बसली आणि एका झाडाच्या बुडाशी माती सारखी करत राहिली. उपटायच्या झाडाला ती भर घालत होती. मी सतरंजीचं टोक हातात धरून तशीच उभी होते.

डॉक्टर उन्हं कलता आले. उंच, सावळे, फार सभ्य गृहस्थ. त्यांनी प्रत्येक वाफ्यापाशी थांबून मातीत बोट घालून पाहिलं. मग त्यांना खुर्चीवर बसवून बागेतल्या गाजरांची कोशिंबीर दिली. सभासदांनीही घेतली. पलीकडे कापडाखाली सुगडं ओळीनं मांडलेली होती, हळदकुंकवाची बोटं ओढलेली, आत ऊस, बोरं, घाटे आणि आमची गाजरं. कुंपणाशी म्हातारी नातीला काखेत घेऊन उभी होती. पलीकडे राहा म्हणून सांगितलं होतं, म्हणून ती पलीकडेच होती. फक्त ऐकू येईल इतकी.

डॉक्टर इंग्रजीत बोलले आणि अध्यक्षीणबाईंनी मला पुढे ढकललं. "सांग गं सगळ्यांना."

चार माणसांत स्वतःचं बोलायचं म्हटलं की मी मागे सरते. पण दुसऱ्याचं वाक्य तोंडातून काढताना मला कधीच लाज वाटली नाही. त्यातलं काही माझं नसतं.

पहिली दोन-तीन वाक्यं मी सांगितली: बाग नीटनेटकी आहे, भगिनींचा उत्साह कौतुकास्पद आहे. टाळ्या झाल्या. मग डॉक्टर आपल्या आवडत्या विषयावर आले. त्यांचा चेहरा उजळला. ते सावकाश, स्पष्ट बोलत होते. बोलून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

माझ्यापुढे एक सोपा शब्द होता. शेणखत. तो म्हटला असता तर सगळं सुरळीत पार पडलं असतं. सुगडं वाटली गेली असती, शेरा मिळाला असता, पुढच्या आठवड्यात माळी आला असता. मी कुंपणाकडे पाहिलं नाही. पाहायची गरज नव्हती.

"साहेब म्हणतात," मी म्हटलं, आणि माझा आवाज मलाच मोठा वाटला, "की या बागेला जे खत घातलं आहे ते आपल्या गावच्या संडासांतला मैला आणि केर एकत्र कुजवून केलेलं आहे. मोठमोठे बागायतदार अजून त्याला हात लावायला तयार नाहीत. पण साताऱ्याच्या सुशिक्षित भगिनींनी ते आपल्या हातांनी घेतलं आणि त्यात पिकवलेलं आज कच्चं खाल्लं. हा जुना समज तुम्ही सोडलात, याबद्दल ते तुमचं मनापासून अभिनंदन करतात."

एकही शब्द मी पदरचा घातला नाही. डॉक्टरांनी स्वतःच टाळ्या वाजवायला सुरुवात केली. त्यांना साथ मिळाली ती फक्त कुंपणापलीकडून. नातीनं दोन्ही हात आपटले.

एका बाईंच्या तोंडात घास होता. तो गिळावा की काय करावं हे त्यांना ठरवता येईना. दुसऱ्या एकींनी वाटी पदराआड सरकवली. अध्यक्षीणबाई माझ्या कानाशी आल्या. चेहऱ्यावर हसू तसंच होतं.

"काहीतरीच काय? शेणखत म्हणाले ना ते?"

"परत विचारून बघू का?"

"नको!" त्या ओरडल्याच. डॉक्टरांनी चमकून पाहिलं. त्या पुन्हा हसल्या.

डॉक्टर समाधानानं गेले आणि हळदीकुंकू सुरू झालं. पण वाण घ्यायला कुणी थांबेना. एकीच्या सासूबाईंना अचानक ताप आला होता. एकीला दूध उतू जाण्याची आठवण झाली. एक माझ्या आईची मैत्रीण जाता जाता मला म्हणाली, "मुलीच्या जातीनं असले शब्द चारचौघांत उच्चारू नयेत हो." खाल्लं त्याचं काही नाही, मी उच्चारलं त्याचं. शेवटी सुगडं तिथेच राहिली. हळदकुंकू लावलेली, म्हणून टाकता येईनात; गाजरं आतली, म्हणून देवापुढे ठेवता येईनात. दुसऱ्या दिवशी माळ्यानं ती हारा भरून माहुलीला नेली आणि कृष्णेत सोडली. वाळवंटात बसून त्यानं आधी गाजरं खाल्ली, असं त्यानंच म्हातारीला सांगितलं.

डॉक्टरांचा शेरा उत्तम आला. त्याचा उपयोग कुणाला उरला नव्हता. गुलाबांचाही विचार झाला, पण त्या मातीतलं फूल देवाला कसं वाहायचं? पुढच्या बैठकीत मंडळानं एकमतानं ठरवलं की बागकाम तूर्त थांबवून सैनिकांसाठी मोजे विणावेत. बैठकीत 'खत' हा शब्द निघाला नाही. बाग का सोडली याचं कारण 'पाण्याची अडचण' असं ठरलं. हौदाचं पाणी शेजारी खळाळत होतं.

म्हातारीनं महिनाभरात सगळा तुकडा पुन्हा धरला. आमच्या चुना लावलेल्या विटा उचकटून तिनं पाटाला बांध घातला. मोज्यांचं तिला सांगितलं तेव्हा ती पोट धरून हसली. "बरम्यात मोजं? लय उकडतंय म्हनून सांगतोय त्यो! पाय धुवायला पानी धाडा म्हनावं."

माझं नाव मंडळातून कुणी काढलं नाही. फक्त बोलायचं काम मला देईनासे झाले. लोकर गुंडाळायला बोलवत.

फाल्गुनातली एक सकाळ. अध्यक्षीणबाईंच्या ओटीवर मी लोकर गुंडाळत बसले होते. दारात म्हातारीनं पाटी उतरवली. वांगी लहान, काटेरी, चकचकीत.

अध्यक्षीणबाईंनी एक उचलून नाकाशी धरलं. "कुठली गं?"

"आमच्याच मळ्यातली, बाईसाब."

"बघ," त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "अशी वांगी आपल्या हातून होत नाहीत. खेड्यातल्या मातीचा गुण." आणि त्या निवडून निवडून पदरात घेऊ लागल्या.

म्हातारीनं माझ्याकडे पाहिलं. डोळे बारीक झाले होते. "ताई, तू काय बोलत न्हाईस ती? का पुन्यांदा सायेब यायला पायजे?"

"तिचं सोड," अध्यक्षीणबाई म्हणाल्या. "ती विचारल्याशिवाय बोलत नाही."

मला कुणी विचारलं नव्हतं. मी लोकरीचं टोक शोधलं आणि गुंडा वळत राहिले.