ब्रेकवरचा पाय

आमचं घर म्हणजे पलूसच्या बाहेर, मालकाच्या उसाच्या कडेला पत्र्याची एक खोली. ऊस त्यांचा, खोली त्यांची, ट्रॅक्टर त्यांचा, चालवणारे फक्त आमचे अण्णा. गळिताच्या हंगामात अण्णा कारखान्याच्या रांगेत ट्रॅक्टरवरच झोपायचे. आई माधवनगरच्या गिरणीत जायची. गिरणी बंद पडल्यावर ती त्याच मालकाच्या रानात भांगलायला जाऊ लागली. उन्हाळ्यात पत्रा असा तापायचा की दुपारी आम्ही भावंडं ट्रॅक्टरच्या सावलीत बसून अभ्यास करायचो. भाकरी कधी चुकली नाही, पण भाकरीबरोबर काय आहे, हे विचारायची पद्धत आमच्यात नव्हती.

मी सांगलीला बीएस्सी करत होते तेव्हा अण्णांची कंबर धरली. ट्रॅक्टर थांबला असता तर खोलीही गेली असती. म्हणून मी लायसन काढलं आणि त्या हंगामात स्टिअरिंगवर बसले. ट्रॅक्टरला उजव्या पायाशी दोन ब्रेक असतात, डाव्या चाकाचा वेगळा, उजव्याचा वेगळा. बांधाजवळ आलं की एकच दाबायचा, ट्रॅक्टर जागच्या जागी वळतो. "पाय घाल की ब्रेकवर! भितीस काय?" अण्णा बांधावरून ओरडायचे. हंगाम संपेपर्यंत माझा पाय न विचारता जायला लागला.

आमच्या घराण्यातली पहिली पदवी मी घेतली. हे मी आजही कुणी न विचारता सांगते. पुढे शिष्यवृत्ती मिळाली, वैमानिकाचं लायसन मिळालं, प्रवासी विमानावर नोकरी लागली. आईअण्णा त्या पत्र्यातून निघून पलूस गावात पक्क्या घरात राहायला आले.

मोठी विमानं बराच वेळ स्वतःच उडतात, आपण लक्ष ठेवतो. एकदा उतरताना आडवा वारा होता आणि विमान धावपट्टीवरून बाजूला सरकायला लागलं. ते सरळ ठेवायच्या पेडलवर माझे पाय नुसते ठेवलेले. शेजारच्या कॅप्टननी विमान आपल्या हातात घेतलं आणि नीट उतरवलं. माझी कॅप्टन व्हायची परीक्षा जवळ येत होती, आणि मला अजून विमान उडवता येतं का, हेच मला ठाऊक नव्हतं.

मी रजा काढली आणि गावाकडे आले. सातारा जिल्ह्यात, उसाच्या रानांना लागून एक लहान, मातीची धावपट्टी आहे. तिथे वाईचे एक गृहस्थ, हवाई दलातून निवृत्त झालेले, जुनं विमान सांभाळून होते आणि त्यावर शिकवायचे; मी त्यांना सर म्हणायचे. दोन मोठी चाकं पुढे, बारकं चाक शेपटाखाली. नाक आभाळाकडे, त्यामुळे जमिनीवर समोरचं काही दिसत नाही. वजन चाकांच्या मागे असतं. भरलेली ट्रॉली उतारावर मागून ट्रॅक्टरला ढकलते ना, तसं शेपूट पुढे यायला बघतं. जमिनीवर त्याला सरळ ठेवायचं काम पायांचं, रडरच्या, म्हणजे शेपटावरच्या सुकाणूच्या, पेडलनी.

"रजा संपायच्या आत तुला एकटीला सोडीन," सर म्हणाले, "पण पाय जागे झाले तरच. न्हाईतर न्हाई. माझं विमान एकच हाय."

हवेत सगळं छान जमलं. उतरले, चाकं टेकली आणि नाक उजवीकडे गेलं. मी घाबरले. घाबरल्यावर माणूस आपल्या बोलीत ओरडतो, तसा माझा पाय सरळ रानातल्या सवयीवर गेला. या विमानालाही दोन चाकांना दोन वेगळे ब्रेक. डाव्या ब्रेकवर मी सगळा जोर दिला. शेपूट गर्रकन फिरलं, पंखाचं टोक जमिनीपर्यंत आलं, आणि आम्ही धावपट्टीबाहेर गवतात, आलो त्याच दिशेला तोंड करून उभे राहिलो.

सरांनी धूळ बसू दिली. मग म्हणाले, "ऊस कुठल्या सरीत लावायचाय, बाई?"

मी ट्रॅक्टरचं सांगितलं. ते इतके हसले की विमान हललं. पण दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मला उडू दिलं नाही. कृष्णेवरून धुकं यायचं, शेजारच्या रस्त्याने उसाच्या ट्रॉल्या जायच्या, आणि मी सकाळभर विमान जमिनीवरच चालवत असायचे. ब्रेकला पाय लावायचा नाही. डावं जरासं, उजवं जरासं, शेपूट जायच्या आधी पाय हलला पाहिजे. "दाबू नगंस, विचार त्याला!" सर मागच्या सीटवरून ओरडायचे. समोर वेग-उंची दाखवणाऱ्या घड्याळासारख्या तबकड्या होत्या, त्यांच्यावर त्यांनी वर्तमानपत्र चिकटवलं. बुडाखाली विमान कुठे सरकतंय ते मला हळूहळू कळायला लागलं. मग पुन्हा उड्डाणं सुरू झाली. वाऱ्याची सकाळ सर मुद्दाम निवडायचे.

रजेच्या शेवटच्या सकाळी अण्णा एसटीने आले. विमानाभोवती एक फेरी मारून म्हणाले, "हे शेपूट टेकून का बसलंय? आजारी हाय व्हय?"

"आजारी न्हाई, पावनं," सर म्हणाले. "तुमी पोरीला ट्रॅक्टर लय झकास शिकवलाय. तेवढा तिच्या पायातनं काढता काढता मी म्हातारा झालो."

"आवं, मग न्या की तुमी एक खेप कारखान्याला. बघतो मी."

दोघं हसत होते. वारा पश्चिमेकडून आडवा येत होता. आम्ही एक चक्कर मारून उतरलो. सरांनी एकदाही मागच्या सीटच्या पेडलला पाय लावला नाही. विमान थांबल्यावर ते मागच्या सीटवरून खाली उतरले आणि त्यांनी रिकाम्या सीटचा पट्टा बांधला. "जा," एवढंच.

विमान हलकं झालं होतं, लगेच उचललं गेलं. खाली ऊस, पलीकडे नदी. बघायला सवड नव्हती. उतरताना चाकं टेकली आणि वाऱ्याने शेपूट ढकललं. नाक उजवीकडे निघालं, अगदी त्या दिवसासारखं. पण पाय ब्रेकवर गेला नाही. डावं जरासं, मग उजवं जरासं, पुन्हा डावं. वेग संपेपर्यंत पाय चालू होते.

मी खाली उतरले तेव्हा अण्णा धावपट्टीवर उमटलेल्या चाकांच्या खुणा बघत होते. सरी बघतात तसे, एक डोळा मिटून.

"सरळ हाय," ते म्हणाले.

त्या सकाळी शेपटीच्या चाकाचं विमान मी आडव्या वाऱ्यात, एकटीने, सरळ उतरवलं. मला विमान उडवता येतं.