शकुबाईचं पीस

शकुबाईच्या हाताला गुण होता. ती स्वतः तसं म्हणायची नाही, पण भिलाईतली अख्खी खुर्सीपार वस्ती म्हणायची आणि तिला ते ऐकायला आवडायचं, हेही खरं. भंडाऱ्याकडून नवऱ्यामागे लहानग्या दुर्गाला घेऊन ती आली तेव्हा भिलाईचा कारखाना अजून उभा राहत होता. रोज कुणाचं ना कुणाचं काहीतरी कापायचं, सोलायचं. शकुबाई जवसाच्या तेलात हळद उकळून बाटलीत भरायची आणि कोंबडीच्या पिसानं जखमेवर लावायची. बोट म्हणून लावायची नाही. बोटाची घाण लागते, पीस कसं स्वच्छ, असं तिच्या आईनं शिकवलेलं. मोडेपर्यंत पीस तेच, बाटलीतच बुडवून ठेवलेलं.

एकसष्ट साली तिच्या नवऱ्याच्या, मारोतरावांच्या नडगीत पत्रा घुसला. दवाखान्यातून ते पट्टी बांधून आले. शकुबाईनं ती लगेच सोडली आणि पीस फिरवलं. घरात औषध असताना परक्याच्या पट्टीवर विसंबायला ती काय खुळी होती?

पंधरा दिवसांत पाय सुजून खांब झाला. पू थांबेना, ताप उतरेना. डॉक्टरांनी फोटो काढला. हाड सडू लागलं होतं. पेनिसिलिनच्या सुया लागू पडत नव्हत्या. जंतू कोणता ते कळलं तर औषध बदलता येईल, नाहीतर पाय कापावा लागेल, असं त्यांनी सरळ सांगितलं.

दवाखान्यात पू तपासणाऱ्या कमलिनीबाईंनी विचारलं, घरी आणखी काय लावलं होतं? शकुबाईला वाटलं, आली अक्कल ह्यांना. धावत जाऊन तिनं बाटली आणली. शेजारचा देवाजी हाताचं गळू दाखवायला तिथंच आला होता. त्यालाही तेच तेल लावलेलं कळल्यावर त्याचाही पू बाईंनी घेतला.

तिसऱ्या दिवशी बाईंनी तिला काचेच्या तीन बशा दाखवल्या. तिन्हींत वाढलेल्या जंतूंचे सारखेच सोनेरी ठिपके, खसखशीएवढे. एका बशीत मारोतरावांच्या पायातले, दुसरीत देवाजीच्या गळवातले.

"अन् हे तिसरे?"

"तुमच्या पिसावरचे," बाई हळूच म्हणाल्या.

शकुबाईला आधी समजलंच नाही. मग आठवलं. नवऱ्याची पट्टी सोडली त्या संध्याकाळी देवाजी आधी येऊन गेला होता. त्याच्या गळवावरून फिरवलेलं पीस तिनं बाटलीत बुडवलं होतं आणि तेच नवऱ्याच्या ताज्या जखमेत घातलं होतं. आणि त्याआधीची चार वर्षं? कितीजणांच्या जखमा तिच्या हाताखालून गेल्या होत्या!

"म्याच लावलं न बाई," ती म्हणाली. "आपल्या हातानं."

जंतू कळला, त्याच दुपारी औषध बदललं. पाय वाचला, हे आत्ताच सांगून टाकतो. पण त्या दिवशी ते कुणाला ठाऊक होतं? संध्याकाळी ती खाटेजवळ गेली. मारोतरावांनी तापानं जड झालेले डोळे उघडले.

"दुर्गाची माय, तेल आनलं काय व? यायच्या सुईनं काही होऊन नाही राहिलं. तुह्याच हातानं बरं वाटन मले."

शकुबाईनं दोन्ही हात पदराखाली लपवले.