टेपात गुंडाळलेली हिरवी वायर

काकूंचं उजवं मनगट अजूनही पूर्ण वळत नाही. भाकर थापताना त्या मधेच थांबतात, हात झटकतात आणि पुन्हा थापायला लागतात. त्यांच्या स्वयंपाकघरात उभा असलो की मी दुसरीकडे पाहतो, कारण ते मनगट माझ्यामुळे मोडलं.

मी वर्ध्याला लागून असलेल्या बोरगाव मेघेत वायरिंगची कामं करतो. आयटीआय झाल्यापासून हेच. काका-काकू आमच्याच गल्लीत, चार घरं सोडून राहतात. काका वनखात्यात होते. नोकरीभर जंगलं हिंडले, आणि काकू मुलांच्या शाळा सांभाळत वर्ध्यात राहिल्या. निवृत्त झाल्यावर काकांनी ठरवलं, आता हिला घेऊन फिरायचं. पण काकूंना गुडघ्यांचा त्रास, बाहेरच्या संडासात बसता येत नाही. म्हणून काकांनी नागपूरहून एक जुना ट्रेलर आणला. जीपच्या मागे जोडून ओढायची दोन चाकांवरची खोली. आत पलंग, लहानसा ओटा, कमोड. बाहेरून सगळा ॲल्युमिनियमचा पत्रा. आतल्या वायरी उंदरांनी कुरतडल्या होत्या, त्या नव्यानं टाकायचं काम काकांनी मला दिलं. दुसऱ्या कोणाला विचारलंसुद्धा नाही.

काम मोठं नव्हतं. मुक्काम जिथे असेल तिथल्या घरातून लांब केबलनं वीज घ्यायची, ती ट्रेलरमधल्या पेटीत आणायची, आणि तिथून दिवे, पंखा, छोटा फ्रिज. केबलमध्ये तीन वायरी असतात: फेज, न्यूट्रल आणि हिरवी अर्थिंगची. ट्रेलर लोखंडी सांगाड्यावर उभा, म्हणून ही हिरवी वायर सांगाड्याला घट्ट आवळावी लागते. मग पत्र्यात कुठूनही करंट उतरला तरी तो अर्थिंगमधून जातो, स्विच पडतो आणि माणूस वाचतो. त्यासाठी सांगाड्याचा रंग खरवडून वायरीच्या टोकाला तांब्याचा लग, म्हणजे भोक असलेली टोपी, बसवून बोल्ट लावायचा. त्या दिवशी माझ्या पिशवीत त्या मापाचा लग नव्हता. मी हिरव्या वायरीचं टोक टेपात गुंडाळलं, पेटीच्या मागे सारलं आणि उद्या करू म्हटलं. दुसऱ्या दिवशी नाचणगावहून विहिरीवरच्या मोटारीच्या कामाचा फोन आला. त्यानंतर पेटीचं झाकण लागलं ते लागलंच.

विसरलो असं म्हणणं सोयीचं आहे. पण मला नंतर दोनदा आठवलं होतं, आणि दोन्ही वेळा मी कंटाळा केला.

आठवड्याभरानं काकूंनी अंगणातून हाक मारली. ट्रेलर दारातच उभा होता, ओसरीतल्या जुन्या सॉकेटमधून त्याला वीज दिली होती. काकू म्हणाल्या, "दाराच्या कडीले हात लावला का झिणझिण करते रे. रोज नाई, कधीकधी."

मी टेस्टर घेऊन गेलो. पत्र्याला लावला, पेटला नाही. मीटर लावला, काही नाही. मग मी आपला पंजा पत्र्यावर सपाट टेकवून दाखवला. सांगितलं की सिंथेटिक साडीमुळे होतं असं, करंट वगैरे काही नाही. आणि हसलो. काकाही हसले. काकू हसल्या नाहीत, त्यांनी कडीकडे एकदा पाहिलं आणि आत गेल्या.

त्या 'रोज नाही, कधीकधी' म्हणाल्या होत्या. माझ्या धंद्यातल्या माणसानं तिथेच थांबायला हवं होतं. ओसरीतलं सॉकेट दोन पिनांचं होतं, पिन सरळही बसे, उलटीही बसे. एका बाजूनं बसली की पत्रा थंड, दुसऱ्या बाजूनं बसली की त्यात करंट. काकूंच्या पायात चप्पल आणि खाली कोरडी फरशी, म्हणून नुसत्या झिणझिण्यांवर निभावत होतं. पिन काढून उलटी खुपसून पाहायला मला एक मिनिट लागलं असतं.

उन्हाळ्यात ते दोघं पहिल्यांदा ट्रेलर घेऊन निघाले. पहिला मुक्काम तळेगावला, काकूंच्या धाकट्या भावाकडे. तिथून पुढे चिखलदरा. भावाची संत्र्याची बाग आहे. बहीण चाकांवरचं घर घेऊन येणार म्हणून त्यानं घराच्या बाहेरच्या भिंतीला स्वतः नवीन सॉकेट बसवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात नुकताच सडा टाकलेला होता. काकू अंघोळ करून घरातून निघाल्या त्या अनवाणीच. ओल्या जमिनीवर पाय, आणि हात ट्रेलरच्या कडीवर. काका सांगतात की त्यांच्या तोंडून आवाजसुद्धा निघाला नाही. हात चिकटला. भावानं धावत जाऊन पिन उपटली, तशा त्या मागे फेकल्या गेल्या आणि पायरीच्या दगडावर उजव्या हातावर पडल्या. मनगट मोडलं, तळहात भाजला.

काकांनी दवाखान्यातून मला फोन केला. आवाज अगदी शांत होता. म्हणाले, हिचं पाहतो आहे मी, तू येऊन तो ट्रेलर पाहा, आणखी कोणाचा हात लागायला नको. मी मोटारसायकल काढली. रस्ताभर एकच विचार डोक्यात होता, की चूक त्या घराच्या वायरिंगमध्ये निघावी.

आणि निघाली. भावानं बसवलेल्या सॉकेटमध्ये फेजच्या जागी न्यूट्रल होतं आणि न्यूट्रलच्या जागी फेज. ते पाहून मला इतकं हलकं वाटलं की मी तिथेच घराच्या ओट्यावर टेकलो. एक बाई दवाखान्यात पडलेली, आणि मला हलकं वाटत होतं.

पण सॉकेट उलटं असलं म्हणून पत्र्यात करंट उतरत नाही. ट्रेलरमध्येही काहीतरी असणार, हे मला कळत होतं. मी केबल काढून ठेवली. मीटरची एक पिन पत्र्याला लावली, दुसरी फेजच्या वायरीला. आवाज नाही. न्यूट्रलला लावली आणि मीटर वाजायला लागला. न्यूट्रलची काळी वायर कुठेतरी पत्र्याला भिडली होती; सॉकेट उलटं असलं की तिच्यातच करंट येतो. मी पेटीतल्या काळ्या वायरी एकेक करून सोडवत गेलो. दिव्यांची सोडवली, वाजतच होता. पंख्याची सोडवली, वाजतच होता. फ्रिजची सोडवली आणि मीटर गप्प झाला.

फ्रिजची वायर ओट्याच्या वरून गेली होती. त्या भिंतीवर एक हूक होता. काम संपलं त्या दिवशी काकूंनी विचारलं होतं, पिशवी अडकवायला काही लावून देशील का. मी आनंदानं ड्रिल काढलं होतं. तो स्क्रू माझ्याच वायरीतून आरपार गेला होता आणि आतल्या लोखंडी पट्टीला टेकला होता. स्क्रू काढून मुठीत धरला. मग पेटीचं झाकण उघडलं. हिरव्या वायरीचं टोक, माझ्या टेपासकट, बाहेर आलं.

काकूंचा भाऊ सगळा वेळ दारात उभा होता. त्यानं सॉकेट उलटं जोडलं होतं खरं, पण अर्थिंगसाठी त्यानं खोल खड्डा करून कोळसा-मीठ घालून पक्कं काम केलं होतं. मी ते मीटरनं तपासलं. ते चांगलं अर्थिंग भिंतीतून सॉकेटमध्ये, सॉकेटमधून केबलमध्ये, केबलमधून माझ्या पेटीपर्यंत आलं होतं आणि माझ्या टेपापाशी थांबलं होतं. तिथे तो लग लावलेला असता, तर पिन घालताच त्याच्या घरच्या विजेच्या मीटरजवळचा स्विच पडला असता. त्या दिवशी ट्रेलरमध्ये लाइट का येत नाही, एवढीच चर्चा झाली असती.

त्यानं विचारलं, "माह्याच सॉकेटनं झालं ना?"

स्क्रू माझ्या मुठीत होता. मी म्हणालो, "फेज-न्यूट्रल उलटं लागलं होतं, भाऊ. होते असं."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. तो तिथेच उकिडवा बसला. मी तासाभरात फ्रिजची वायर बदलली, सांगाडा खरवडला, लग बसवला, हिरवी वायर आवळली. संध्याकाळी काकांनी फोन करून, इतक्या लांब धावत आलास म्हणून माझे आभार मानले.

चिखलदरा राहिलं. प्लास्टर निघालं तरी काकूंना मनगट वळवता येईना. मी जाता-येता विचारपूस करत होतो, औषधं आणून देत होतो. माझं कौतुक होत होतं, आणि मी ते ऐकून घेत होतो. स्क्रू आणि टेपाबद्दल मी बोललो नाही.

दिवाळी झाल्यावर मी त्यांच्या घराची लाइटची माळ उतरवायला गेलो. मी शिडीवर होतो आणि काकू खाली उभ्या राहून सांगत होत्या, की या वर्षी भाऊबीजेला भाऊ आला नाही, बागेत काम आहे म्हणाला. त्या दिवसापासून तो एकदाही वर्ध्याला आला नव्हता. त्यानं भिंतीतलं ते सॉकेट उपटून फेकलं होतं आणि फोनवर धड बोलतही नव्हता. "त्याले वाटते मी रागावली त्याच्यावर," काकू म्हणाल्या. "मी कायले रागावू? पन तो समोरच येत नाई माह्या."

मी माळ गुंडाळून दिली आणि घरी आलो. तिसऱ्या दिवशी सकाळी तळेगावला गेलो.

तो बागेत होता. मी त्याला सगळं सांगितलं: स्क्रू, टेप, काकूंनी आधी केलेली तक्रार. तो संत्र्याच्या झाडाला टेकून ऐकत होता. मारेल असं वाटलं, मारलं असतं तर बरं झालं असतं. शेवटी तो म्हणाला, "मंग तवा काऊन नाई सांगतलं?"

"भेलो."

"पाच-सहा महिने झाले, मी बहिणीले तोंड नाई दाखवलं."

तो झाडापासून बाजूला झाला आणि म्हणाला, "आता तूच जाऊन सांगजो तिले. मी सांगतलं तं लोक म्हनतीन, सोताचं झटकून राह्यला."

मी तिथून सरळ काकूंकडे गेलो. काका-काकू दोघंही ओसरीत होते. मी उभ्यानंच सांगितलं. काकांनी मधे दोन प्रश्न विचारले, लग कुठे लावायचा होता आणि झाकण कधी लागलं. त्यांना सगळं कळलं हे मला दिसलं. काकूंनी एकच विचारलं.

"मी सांगतलं होतं ना तुले, झिणझिण करते म्हून?"

"हो, काकू."

"तवा तू हासलता."

एवढंच बोलून त्या आत गेल्या आणि भावाला फोन लावला. खिडकीतून ऐकू येत होतं. आधी बराच वेळ त्या संत्र्यांबद्दल बोलल्या, फळगळ किती झाली, व्यापारी आला का. मग आवाज बारीक झाला, आणि मला तिथे उभं राहवेना. दुसऱ्या दिवशी भाऊ एसटीनं आला, पिशवीभर संत्री घेऊन. भाऊबीज होऊन आठ-दहा दिवस झाले होते. काकूंनी त्याला तेव्हा ओवाळलं, हे मला नंतर काकांकडून कळलं.

काकांनी दुसऱ्या इलेक्ट्रिशियनकडून सगळा ट्रेलर तपासून घेतला. तसं करणार आहे हे मला आधी सांगितलं. त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं. थंडीत ते दोघं चिखलदऱ्याला जाऊन आले, भाऊही सोबत होता. काकूंनी माझ्या घरी तिथल्या मधाची बाटली पाठवली.

काकू माझ्याशी पहिल्यासारख्याच बोलतात, आणि मला तेच जास्त जड जातं. काका पूर्वी मला अरे-तुरे करायचे, गल्लीच्या टोकावरून नुसतं "ए" म्हणायचे. आता भेटले की थांबतात, "बरे आहात ना तुम्ही?" असं विचारतात आणि पुढे जातात.