तांदळाच्या कोठीतलं नायट्राइड

मी बोलत नाही, अशी सासरी माझी ख्याती होती. ती एका सकाळीत कशी गेली ते सांगते, पण चहा आधी संपवा, नंतर ठसका लागेल.

नागपूरला मी धातूंच्या नायट्राइडवर संशोधन करते. म्हणजे काय, तर धातूची पूड नायट्रोजनमध्ये भट्टीत भाजायची. नशीब असेल तर स्फटिक मिळतात, मग क्ष-किरणांनी आत अणू कसे मांडलेत ते शोधायचं. मला धड स्फटिक मिळाले ते लग्नाच्या तोंडावर. वर्षभराची मेहनत बोटभर काचेच्या नळीत, दोन्ही तोंडं वितळवून बंद. पुढे ती भोपाळच्या यंत्रावर न्यायची होती, त्याआधी चार दिवस बालाघाटला सासरी.

या पदार्थाचं दुखणं एकच. ओलावा लागला की अमोनिया सुटतो आणि स्फटिकांचा चुना होतो. नळीला तडा गेला तर? आणि पावसाळ्यात वैनगंगेकाठच्या घरात ओलावा कुठे नसतो? आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, भिजलेला मोबाइल तांदळात खुपसलेला मी पाहिला होता. झालं, मीही नळी गुपचूप तांदळाच्या कोठीत खोल खुपसली. हसू नका अजून.

दुसऱ्या दिवशी लांजीहून आईंची धाकटी बहीण आली, ठरल्यापेक्षा आधीच्या बसनं. आई न्हाणीत होत्या. मावशी पदर खोचून सरळ स्वयंपाकघरात शिरल्या आणि कोठीतून तांदूळ काढून धुवायला बसल्या. मी भाजी चिरत होते. तेवढ्यात नाकात तो वास शिरला.

अमोनिया.

"मावशी, तांदळाला पाणी लावू नका! सगळे बाहेर व्हा!"

लग्नाला महिना झाला तरी सासऱ्यांनी माझ्या तोंडून 'हो' सोडून काही ऐकलं नव्हतं. ते पेपर घेऊन अंगणात धावले, चष्मा आतच राहिला. मी कोठी फरफटत ओसरीवर आणून ताडपत्रीवर पालथी केली आणि तांदूळ उपसू लागले.

"काय शोधून राह्यली वं बाई? सोनं हाये का?" मावशींनी विचारलं.

"नायट्राइड."

सासऱ्यांनी भिंतीपलीकडे कळवलं की तांदळात जहर निघालं. शेजारणीनं धडाधड खिडक्या लावून घेतल्या.

नळी सापडली. अख्खी. आतले स्फटिक चमकत होते. तिला छातीशी धरून मी तिथेच बसले. पण वास? तो वाढतच होता, आणि येत होता न्हाणीकडून. आई तर आतच.

मी दार बडवलं. "आई, बाहेर या, अमोनिया आहे!"

"आंघोळ करून राह्यली ना मी."

"तशाच या!"

मग सासरेही बडवू लागले. दार उघडलं. आई पूर्ण कपड्यांत, कोरड्या ठाक. डोक्याला प्लास्टिकची थैली, हातात जुना टूथब्रश, कपाळावरून उतरणारा काळा ओघळ.

केस रंगवायच्या रंगात अमोनिया असतो हे मला काय माहीत? म्हणजे, मलाच तर माहीत असायला हवं होतं.

आईंचे काळेभोर केस म्हणजे त्यांच्या माहेरचं कौतुक. नुसतं माक्याचं तेल लावते, असं त्या सांगत आलेल्या. मला वाटलं, नळी वाचली, मी गेले.

मावशींनी वास घेतला. "काहून वं ताई, माक्याच्या तेलाले असा वास येते का?"

आईंनी एकदा बहिणीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि ब्रश माझ्या हातात दिला. "मागचं राह्यलं हाये. लाव आता, सगळ्यायले दिसलंच तं."

मावशी पाटावर बसून वेणी सोडू लागल्या. "उरला तं मलेही लावजो."

असा माझा जीव भांड्यात पडला. स्फटिकही भोपाळला सुखरूप पोचले, अणूंची मांडणी कळली. सरांना सगळं सांगितलं तर ते हसले नाहीत. एवढंच म्हणाले, "तांदळात? अगं, तांदळातच ओलावा असतो. धानाच्या जिल्ह्याची सून ना तू?"

तेव्हा मला आठवलं, आईंचा तो मोबाइलही तांदळातून निघाल्यावर सुरू झाला नव्हता.