पायरीवरची मिश्री

औरंगपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत सकाळ व्हायची ती तंबाखू भाजल्याच्या वासाने. समोरच्या घरातली यमुनाआक्का तव्यावर तंबाखू काळी पडेपर्यंत भाजायची, कुटून डबीत भरायची आणि उजाडताच पायरीवर येऊन बसायची. शेजारची शकूबाई आणि गल्लीतल्या आणखी दोघीतिघी जमल्या की डबी फिरायची. तळहातावर मिश्रीची चिमूट, बोट दातांवर, आणि तासभर गप्पा. पुढे केलेली चिमूट नाकारायची नाही, हा त्या पायरीचा कायदा. आदल्या दिवशी नळावर भांडण झालेलं असलं तरी चिमूट घ्यायचीच. न घेणं म्हणजे बोलणं तोडणं.

आक्का मूळची गंगापूरकडची. नवरा लवकर गेला, मुलगा नोकरीला पुण्यात. घरी साड्यांना फॉल लावून ती पोट भरायची. "दिवसाचं सगळं बोलणं मी सकाळीच उरकून घेते, भाऊ," ती मला म्हणायची. "पुढं मग मशीनच बोलती."

पन्नाशी उलटल्यावर तिला चार पावलांत दम लागू लागला. लहानपणीच्या सांधेतापाने हृदयाची एक झडप निकामी होत आली होती. मी हिशेबाच्या नोकरीतला, कागद नीट लावणारा, म्हणून मुलाने फोन करून मलाच तिच्याबरोबर जायला सांगितलं. डॉक्टर म्हणाले, झडप बदलू, पण आधी दातांच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणा. बाहेर येताच आक्का म्हणाली, "दुखणं छातीत, आन् ह्ये म्हणत्यात तोंड उघड!"

दातांच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी सुजलेल्या हिरड्या पाहिल्या, दोन दाढा काढायला सांगितल्या आणि समजावलं, "मावशी, हिरडीतले जंतू रक्तातून थेट नव्या झडपेवर जाऊन बसू शकतात. मग जिवावर बेतेल. मिश्री बंद. मऊ ब्रशने दोन वेळा घासायचं."

दाढा निघाल्या. दुसऱ्या दिवशीपासून आक्का पायरीवर रिकाम्या हाताने बसू लागली. शकूबाईने आपल्या डबीतली चिमूट पुढे केली. आक्काने मान हलवली. "मोठी मेमसाब झाली गं बाई!" शकूबाई म्हणाली, आणि बाकीच्या हसल्या. आठवडाभरात आक्काचं पायरीवर येणं थांबलं. दार लोटून ती आत मोरीशी ब्रश करायची. समोरून फक्त बायकांचं हसू ऐकू यायचं, तेही आक्काच्याच पायरीवरून.

ऑपरेशनची तारीख जवळ आली, तेव्हा एका सकाळी ती मला पायरीवर दिसली. बोट काळं होतं.

"आक्का, हे काय?"

"ब्रश केला की रक्त येतं, भाऊ. शकू म्हणाली मिश्रीनं हिरड्या घट्ट व्हत्यात." मग खालच्या आवाजात म्हणाली, "आन् खरं सांगू? मोरीत भिंतीसंग किती बोलावं?"

त्याच दिवशी मी तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. रक्त ब्रशमुळे नव्हे, सुजेमुळे येत होतं. घासणं सोडल्याने सूज उलट वाढली होती. चिठ्ठी मिळाली नाही. ऑपरेशन पुढे गेलं. परतताना आक्का रिक्षातून घरापाशी उतरली ती सरळ शकूबाईच्या दारात गेली.

"शकू, उद्यापून डबी माझ्याम्होरं धरू नको. तू धरली तर मला नाय म्हणता यायचं नाय. आन् व्हय म्हणलं तर मी मरंन."

दुसऱ्या दिवशी शकूबाई पायरीवर आली, ती हातात ब्रश घेऊन. "बघू तरी मेमसाब कसं घासत्यात," म्हणाली. डबी नाही म्हटल्यावर बाकीच्या हळूहळू दुसऱ्या पायरीवर गेल्या. इथे दोघीच उरल्या.

हिरड्या बऱ्या झाल्या, झडप बसली. आक्का नेमाने वागली. पुढे दात साफ करायला गेली की खुर्चीत बसण्याआधीच झडपेचं आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळीचं सांगायची; दात साफ करण्याआधी घ्यायचं जंतूंवरचं औषध कधी चुकवलं नाही. आजूबाजूला शांत असलं की तिच्या छातीतल्या नव्या झडपेची टिकटिक ऐकू यायची. "घड्याळ बशिवलंय," ती म्हणायची, "पर टाइम इचारायला घरात हाय कोण?"

शेवटी मुलगा तिला पुण्याला घेऊन गेला. महिन्याभराने तिचा फोन आला.

"लई उंच घर हाय, भाऊ. लिफ्ट हाय, पायरी नाय. ब्रश करायला बेसिन, वर आरसा. सकाळी म्होरं कोण? मीच." मग तिने विचारलं, "शकू बसती का?"

"बसते. एकटीच."

"डबी?"

"नाही. ब्रशच असतो हातात."



"तिला सांगा, आता काढ म्हणावं डबी. चार बाया येऊन बसतील. मी कुठं हाय तिथं?"

मी निरोप दिला. शकूबाईने ऐकून घेतलं, ब्रश धुतला आणि आक्का येऊन बसणार असल्यासारखी पायरीवरची तिची जागा पाणी शिंपडून पुसून ठेवली. डबी तिने आजवर काढलेली नाही.