फाटक दिसेल अशी जाळी

"थांबा, आडवं होऊन बघतो," असं म्हणून ते पिशवीतून जुनं वर्तमानपत्र काढायचे, वर्कशॉपच्या फरशीवर पसरायचे आणि चक्क झोपायचे. चपला बाजूला काढून, चष्मा सारखा करून, एका कुशीवर. समोर भिंतीला टेकवलेला जाळीचा नमुना आणि त्याच्याकडे एकटक बघणारे हे साठी ओलांडलेले गृहस्थ. पहिल्यांदा हे घडलं तेव्हा आमचा मशीन चालवणारा काम टाकून धावत आला होता. त्याला वाटलं, काकांना चक्कर आली.

मी तेव्हा अंबडच्या औद्योगिक वसाहतीत लेझर कटिंगच्या एका वर्कशॉपमध्ये डिझाइनचं काम करत होते. संगणकावर नक्षी काढायची आणि यंत्रानं ती लोखंडी पत्र्यातून कापून काढायची, हा प्रकार नाशिकला तेव्हा नवा होता. बंगलेवाले, बिल्डर, सोसायट्यांचे पदाधिकारी यायचे, खुर्चीत बसायचे आणि म्हणायचे, "मॅडम, काहीतरी वेगळं दाखवा." मी वेगळं दाखवायची. सगळं बघून झालं की ते पानांची वेलच पसंत करायचे. त्या वर्षांत तुम्ही शहरात हिंडला असाल, तर कुणाच्या तरी जिन्यावर नाहीतर गॅलरीवर ती वेल तुम्हीही पाहिली असेल. अर्ध्या नाशिकवर ती मीच चढवली आहे. त्यामुळे गिऱ्हाइकांबद्दल माझं मत फारसं बरं नव्हतं.

काका इंदिरानगरकडच्या एका सोसायटीतर्फे यायचे. इमारत नव्वद सालच्या आसपासची. गॅलऱ्यांचे गज गंजले होते. रंगकाम काढलंच आहे, तर रस्त्याकडच्या सगळ्या गॅलऱ्यांना एकसारखी जाळी बसवून टाकू, असं मीटिंगमध्ये ठरलं आणि जाळी निवडण्याचं काम काकांकडे आलं. सातपूरच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळून ते निवृत्त झाले होते. "मोकळा माणूस दिसला की सोसायटीला कामं सुचतात," असं ते हसून सांगायचे. पण हे काम त्यांनी मागून घेतलं होतं, हे मला नंतर कळलं.

त्यांच्यावर मी सुरुवातीला चांगलीच वैतागले होते. माणूस येतो काय, झोपतो काय, उठून कपडे झटकतो आणि म्हणतो, "नाही, ही नको." कारण विचारलं तर नुसतं "दिसत नाही." आमच्या पोरांनी त्यांचं नाव शेषशायी ठेवलं. रिक्षातून उतरताना दिसले की कुणीतरी आत वर्दी द्यायचं, "शेषशायी आले, फरशी झाडा." काकांनी ते एकदा ऐकलं. रागावले नाहीत. "लक्ष्मी घरी आहे," एवढंच म्हणाले आणि वर्तमानपत्र पसरायला लागले.

शेवटी मी न राहवून म्हटलं, "काका, जाळी उभ्यानं बघायची असते हो."

"तुमच्या गिऱ्हाइकांची असेल," काका फरशीवरूनच म्हणाले. "माझं गिऱ्हाईक आडवं आहे."

मग उठून बसले आणि त्यांनी सांगितलं. काकूंच्या डाव्या अंगावरून वारं गेलं होतं. बरीच वर्षं त्या अंथरुणावरच होत्या. घर तळमजल्यावर, खाट गॅलरीच्या दाराशी. तिथून समोर सोसायटीचं फाटक दिसायचं. मूलबाळ म्हणजे एक मुलगी, ती नांदगावला दिलेली. घरात ही दोघंच. दूध, भाजी, औषधं, बँक, सगळं काकाच करायचे, आणि ते बाहेर पडले की काकू फाटकाकडे डोळे लावून राहायच्या. परत आल्यावर फाटकातच काका पिशवी धरलेला हात वर करायचे. आत खाटेवरून काकू चांगला हात वर करायच्या.

"मी फाटकात दिसलो की तिचा जीव भांड्यात पडतो," काका म्हणाले. "घरात येऊन मग कितीही वेळ समोर बसा, त्याला तेवढी किंमत नाही. आता उद्या तिथं तुमची ती वेल आली, आणि फाटकावर नेमकं पान आलं, तर? दिवसभर पानच बघायचं तिनं?"

दुसऱ्या दिवशी घरून एक जुनी सतरंजी आणली आणि वर्कशॉपच्या कोपऱ्यात ठेवली. वर्तमानपत्राची शाई त्यांच्या पांढऱ्या शर्टाला लागायची.

त्यानंतर आम्ही जाळी निवडली ती अशी. खाटेच्या उंचीचं एक लाकडी खोकं पोरांनी शोधून काढलं. त्यावर डोकं टेकून काका आडवे व्हायचे. मी नमुना समोर धरायची. चौकटी काढून पाहिल्या, जाईच्या फुलांची नक्षी पाहिली, आडव्या पट्ट्याही पाहिल्या. पत्रा जाड असला की तिरकं बघताना भोकं मिटल्यासारखी होतात, म्हणून पत्रा थोडा पातळ घेतला. अखेर गोल भोकांवर येऊन थांबलो. वरच्या टोकाला बारीक गोल, ते वाढत वाढत खालच्या टोकाला बशीएवढे. काकांनी मशीनवाल्याला लांब शटरपाशी उभं केलं.

"तू जरा फाटक हो," ते त्याला म्हणाले.

तो बिचारा फाटक झाला.

"आता पिशवी वर कर."

त्यानं जेवणाच्या डब्याची पिशवी वर केली.

"दिसली!" काका ओरडले. "अहो, हातसुद्धा दिसतोय!" आणि त्या खोक्यावर डोकं ठेवल्या ठेवल्या त्यांनी स्वतःचा उजवा हात वर केला. काकू करत असतील तसाच. आम्ही सगळे हसलो. मी मात्र नमुना खाली ठेवण्याच्या निमित्तानं पाठ फिरवली.

अडचण पुढेच होती. सोसायटीचे सेक्रेटरी नमुना बघायला आले. विंचूरकडे कांद्याचा व्यापार करणारे, बोलायला मोकळे, पण इमारत कशी दिसते याची भारी काळजी. त्यांना गोल आवडले. फक्त बारीक गोल खाली पाहिजेत आणि मोठे वर, असं त्यांचं म्हणणं. "खाली झाकलेलं, वर मोकळं. लहान पोरं आहेत, वाळत घातलेले कपडे आहेत. काका, तुमच्यासारखं खाली मोकळं ठेवलं तर रस्त्यावरून घरातलं सगळं दिसंल ना."

"दिसू द्या की," काका म्हणाले. "आमच्याकडे दिसण्यासारखं आहे काय? दोन खाटा."

"पण सगळ्यांच्या घरी खाट नाय ना काका."

काका चष्मा काढून पुसायला लागले. सेक्रेटरीही अवघडले. वाईट माणूस नव्हता तो. मी संगणकावर सगळी इमारत काढून दाखवली. वरचे सगळे मजले सेक्रेटरींच्या म्हणण्याप्रमाणे, आणि तळमजल्यावरची एक गॅलरी तेवढी उलटी. जाळी तीच, फक्त फिरवून बसवलेली. गोलच असल्यामुळे उलटी केली तरी डोळ्याला खुपत नव्हती. सेक्रेटरींनी मान इकडं तिकडं करून पाहिलं.

"दर्शनी भागातच येतंय ते," ते पुटपुटले. मग म्हणाले, "असू द्या. काकूंसाठी म्हणून. बाकी कुणी मागितलं तर मी ऐकणार नाय."

काकांनी त्यांचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. इतका वेळ, की सेक्रेटरी माझ्याकडे बघायला लागले.

जाळ्यांना काळा रंग चढून त्या परत आल्या तेव्हा काका मुद्दाम खडू घेऊन आले. सगळ्या जाळ्या सारख्याच, ओळखू कशी येणार? त्यांनी आपली जाळी निवडली, आतल्या बाजूला घराचा नंबर घातला आणि एक मोठा बाण काढला. बाणाचं टोक बारीक गोलांकडे. म्हणजे हा भाग वर. "बसवताना मी असणारच आहे," ते म्हणाले, "तरी आपलं असू द्या." जाताना नेहमीचं वाक्य, "निघतो. ती फाटकाकडे डोळे लावून बसली असेल. बसली कसली, पडली असेल." स्वतःच्याच विनोदावर ते हसले, आणि मी हसले नाही म्हणून जरा ओशाळले.

नंतर सेक्रेटरींचा फोन आला, माणसं पाठवा म्हणून. मी म्हटलं, काकांना वेळ कळवा, त्यांना समोर थांबायचंय.

ते म्हणाले, "मॅडम, काका गेले."

सकाळी भाजी घेऊन परत येताना रस्त्यातच कोसळले होते. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. इतकं साधं, की त्यावर विचारायलासुद्धा काही उरलं नाही. फोन ठेवला आणि कोपऱ्यातल्या सतरंजीकडे लक्ष गेलं. कुणीतरी तिची नीट घडी घालून ठेवली होती.

जाळ्या बसवायच्या दिवशी मी कामावरून थेट तिकडे गेले. बाण काढलेलाच आहे, म्हणून बसवणाऱ्यांना वेगळं काही सांगितलं नव्हतं. पोचेपर्यंत शेवटचे स्क्रू आवळून झाले होते. इमारत खरंच देखणी दिसत होती. खालपासून वरपर्यंत बारीक गोल खाली, मोठे वर. सगळ्या गॅलऱ्या सारख्या. सगळ्या.

मी फिटरला तळमजला दाखवला. घोटीचा माणूस, हात एकदम साफ, आणि ओळीत न बसलेलं काही डोळ्यांना खपायचं नाही त्याला. तो खुशीत होता.

"ह्या जाळीवर बाण उलटा काढला व्हता म्याडम. कुणाचं तरी चुकलं आसंल. म्या बरूबर सरळ करून बसावली. आता बगा, लाईनीत कशी दिसती."

चांगल्या मनानं केलं होतं त्यानं. एवढंच म्हणाले, "सामान बांधू नका. ती एक फिरवायची आहे." आणि आत गेले.

दार मुलीनं उघडलं. नांदगावहून आलेली, डोळे सुजलेले. आईला तिकडेच घेऊन जायचं चाललं होतं. आत दोन खाटा. दाराशी काकूंची आणि तिला लागून काकांची. त्या खाटेवरची चादर ताणून घातलेली होती. काकू एवढ्याशा दिसत होत्या. तोंड किंचित वाकडं, बोलणं संथ, पण शब्द न् शब्द कळत होता. मी कोण ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "जाळीवाली. रोज सांगायचे तुझं."

मी सांगितलं, जाळी चुकून उलटी बसली आहे, माणसं बाहेर आहेत, आत्ता फिरवून देतो.

"इथं पड जरा," त्यांनी उजव्या हातानं काकांच्या खाटेवर थाप मारली. "आडवं होऊन बघ."

मी मुलीकडे पाहिलं. तिनं मान हलवली. मी त्या ताणलेल्या चादरीवर आडवी झाले. समोर खाली बारीक गोलांची काळी भिंत. फाटक नव्हतंच. वर मोठ्या गोलांतून आभाळाचे तुकडे आणि समोरच्या अशोकाचा शेंडा. काकांनी जाळीच्या आतल्या बाजूला काढलेला खडूचा बाण आता खाली, जमिनीकडे टोक करून होता.

"दिसत नाही ना फाटक?" काकूंनी विचारलं.

"नाही काकू. म्हणूनच फिरवते."

"नको. राहू दे."

"अहो, काकांनी किती..."

"माहीत आहे मला. ते यायचे म्हणून बघायचे गं मी. फाटकाशी माझं काय काम?" त्या थांबल्या. दम लागला होता त्यांना. "त्या दिवशी गज काढलेले होते. सगळं लख्ख दिसत होतं. पिशवी आली फाटकातून. दुसऱ्याच्याच हातात. त्यानं तोंड उघडायच्या आधी मला कळलं. आणि माझा हात वर गेला होता गं. सवयीनं."

मुलगी आत निघून गेली. स्वयंपाकघरात नळ सुटल्याचा आवाज आला.

मी उठले, चादर पुन्हा ताणून घातली. बाहेर फिटर पाना हातात घेऊन वाट बघत होता. त्याला म्हटलं, राहू द्या तशीच. तो म्हणाला, "म्या म्हनत नव्हतो?"

काकू पुढे नांदगावला गेल्या आणि तिकडेच वारल्या, असं सेक्रेटरींकडून कळलं. त्या घरात आता भाडेकरू आहेत. खडूचा बाण केव्हाच पुसला गेला असेल. आमच्या वर्कशॉपमध्ये त्या जाळीला पुढे खूप मागणी आली. लोक ती इमारत बघून यायचे आणि म्हणायचे, तशीच द्या, अगदी एका ओळीत.

माझं जाणं-येणं अजून त्या रस्त्यानं असतं. जाळीकडे मी बघत नाही, फाटकाकडे बघते. संध्याकाळी कुणी ना कुणी भाजीची पिशवी घेऊन आत शिरत असतं. फाटक लावून घेतं आणि सरळ जिन्याकडे जातं. हात कुणी वर करत नाही.