मामंजींची नालायक हवा

आमच्या मामंजींचं आणि हवेचं कधी म्हणून पटलं नाही. लग्न होऊन मी या घरात आले त्या दिवशी माझे हे सासरे माझ्याशी पहिलं वाक्य बोलले ते असं, "काय ही नालायक हवा! अशात माणसानं लग्न तरी कसं करावं?" मला वाटलं, मलाच टोमणा मारला. मी तोंडाची फटकळ, पण नवी नवरी म्हणून ओठ दाबून बसले. पुढे कळलं की त्यांच्या जिभेवर माझ्यासारखीचा नंबरच लागत नाही. ती जागा हवेनं कायमची अडवलेली.

तशी हवेच्या नावानं बोटं कोण मोडत नाही? आमच्या गल्लीतला औषधवाला गिऱ्हाइकाला गोळ्या मोजून देताना "फार उकडतंय हो" म्हणतो, आणि तेच गिऱ्हाईक दोन महिन्यांनी आलं की "फार गारठलंय हो" म्हणतो. बसच्या रांगेत एकमेकांचं तोंडही न पाहिलेल्या बायका आधी आभाळाला नावं ठेवतात आणि मग सुखानं एकमेकींच्या सुनांकडे वळतात. पण ही सगळी हौशी मंडळी. मामंजींचं तसं नव्हतं, त्यांचा तो पेशाच होता.

म्हणजे खरोखरच पेशा. फर्निचरच्या दुकानामागे एक लांबट, पत्र्याची खोली आहे. तिथे ते लाकडाला पॉलिश करतात. ओल असली की पॉलिश पांढरट पडतं. ऊन कडक असलं की फडकं फिरवेपर्यंत सुकतं आणि पट्टे उठतात. थंडी पडली की सुकता सुकत नाही, आणि वारा सुटला की गावभरची धूळ नेमकी ओल्या कपाटावर येऊन बसते. मी एकदा डबा द्यायला गेले तेव्हा चिडून विचारलंच, "अहो मामंजी, मग तुम्हाला चालणारी हवा आहे तरी कोणती?" खुर्चीच्या पायावरचं फडकं न थांबवता त्यांनी बराच विचार केला. म्हणाले, "होती एकदा. दुपारची. पण त्या दिवशी लाकूडच आलं नव्हतं."

बरं, नाचता येईना अंगण वाकडं म्हणावं, तर तीही सोय नाही. नाच उत्तम! त्यांचा हात फिरलेल्या टेबलात बघून खुशाल भांग पाडावा.

मला कळायला वर्षं गेली ती गोष्ट वेगळीच होती. या माणसाला हवेखेरीज दुसऱ्या कशाबद्दल तक्रार करताच येत नव्हती. गुडघे धरले की म्हणणार, "ओल फार आहे." मालकानं चारचौघांत झापलं की घरी येऊन म्हणणार, "आज कोंदट होतं." माझा नवरा पहिल्या नोकरीसाठी लांबच्या गावी गेला, तेव्हा महिनाभर हे खिडकीशी उभे राहून "धुकं काही हटत नाही" म्हणत होते. सासूबाई हसून सांगायच्या, "आभाळ अगदी लख्ख होतं गं!"

सासूबाईंना त्यांची हवा वाचता यायची. रोज सकाळी मामंजी चहाचा कप घेऊन खिडकीत उभे राहणार आणि आभाळाकडे बघून तोंड वाकडं करणार. सासूबाई ओट्याशी, पाठमोऱ्याच.

"फार दमट आहे आज."

"मला तर कोरडं वाटतंय."

"तुला काय कळतं हवेतलं?"

"हवेतलं नाही कळत. एवढं कळतं की तुम्हाला झोप लागलेली नाही. काय म्हणाला मालक?"

की हे निमूट स्टुलावर बसून सगळं सांगणार. मी कणीक मळता मळता ऐकायचे आणि मनात म्हणायचे, माझ्या नवऱ्याला नुसतं "काय झालं" विचारलं तर तो "काही नाही" म्हणून वर्तमानपत्रात तोंड घालतो. यांचं बरं आहे!

आणि मग एका सकाळी कपडे पिळता पिळता सासूबाई मोरीतच खाली बसल्या. उचललं तर उजवा हात लुळा, तोंड एका बाजूला, आणि बोलणं गेलेलं. दवाखाना झाला, धावपळ झाली, जिवावरचं टळलं. डॉक्टर म्हणाले, हातपाय हळूहळू चालतील. बोलण्याचं मात्र कुणी छातीठोक सांगेना. बोलणं शिकवायला एक बाई घरी यायला लागल्या. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "सुरुवातीला जेवढं परत येईल तेवढं येईल. दिवस गेले की अवघड होत जातं. त्यांच्याशी बोलत राहा, त्यांचं मन प्रसन्न ठेवा."

हे ऐकलं आमच्या मोठ्या वन्संनी. आईसाठी धावत आलेल्या, शाळेत मास्तरीण, जिवाला जीव देणारी बाई, पण शिस्त अशी की घरातली मांजरसुद्धा रांगेत चालेल. "मन प्रसन्न ठेवा" या तीन शब्दांचा त्यांनी कायदाच केला. त्या संध्याकाळी मामंजी कामावरून आले, सासूबाईंच्या पलंगाशी उभे राहिले आणि सवयीनं म्हणाले, "काय ही नालायक..."

"बाबा!" वन्सं कडाडल्या. "आईसमोर रडगाणं नको. या खोलीत फक्त छान छान बोलायचं."

"बरं," मामंजी म्हणाले आणि खुर्चीत बसले. मला काही ते पटलं नव्हतं, पण वन्संपुढे माझीसुद्धा डाळ शिजत नाही.

झालं! त्या खोलीत नुसता गोडाचा भडिमार सुरू झाला. "आई, बघ किती सुंदर फुलं!" "आई, आज किती फ्रेश दिसतेस!" शिकवणाऱ्या बाई कप, चमचा, किल्ली अशी चित्रं पुढे धरायच्या. सासूबाई एकदा बघायच्या आणि भिंतीकडे तोंड वळवायच्या. माझा नवरा ऑफिसातले विनोद सांगायचा. ते ऐकून तर मीही भिंतीकडे तोंड केलं असतं.

आणि मामंजी? ते कामावरून यायचे, हात धुवायचे, पलंगाजवळची खुर्ची धरायचे. तोंड उघडायचे, वन्संकडे बघायचे, मिटायचे. छान असं काही त्यांना बोलताच येत नव्हतं हो! जन्मात कधी बोलले असतील तर ना! दोघं नवराबायको तासन् तास मुकी बसलेली. मला ते बघवायचं नाही. मी विनाकारण भांडी आपटायचे.

एके दिवशी शिकवणाऱ्या बाई जाताना बाहेरच्या खोलीत हळूच म्हणाल्या, "अजून एक शब्दही नाही. प्रयत्न सोडायचा नाही, पण तुम्ही मनाची तयारी ठेवा." मामंजी दारात चपला काढत होते. त्यांनी ऐकलं. ते सरळ स्वयंपाकघरात माझ्यामागे येऊन उभे राहिले.

"सूनबाई, ती आता बोलणार नाही का गं?"

मला रडू यायला लागलं की आधी राग येतो. "मला काय विचारता?" मी म्हटलं. "ती खोलीतली खुर्चीसुद्धा जरा हललं की करकरते. तुम्ही तेवढंही नाही. बायको आहे तुमची! बोला ना तिच्याशी!"

"काय बोलू? छान बोलायला सांगितलंय."

"मग बोला छान!"

ते गेले. मी सूपची वाटी घेऊन मागोमाग गेले. बाहेर दिवसभर अंगाची काहिली होत होती, वर धुळीचा वारा सुटलेला. खिडकीच्या काचेवर बोटानं नाव लिहावं एवढी धूळ. पंखा गरम हवा ढवळत होता. वन्सं कपड्यांच्या घड्या घालत बसल्या होत्या, त्यांच्याही कपाळावरून घामाची धार. मामंजी खुर्चीत बसले, हात गुडघ्यांवर ठेवले आणि शाळेत कविता म्हणायला उभं केलेल्या पोरासारखे म्हणाले,

"आज हवा छान आहे."

सासूबाईंची पाठ हलली नाही.

"फारच छान आहे." त्यांचा आवाज चिरकला. "असं वाटतं की... अशीच राहावी."

सासूबाईंनी मान वळवली. हळूहळू भिंतीवरून छतावर, छतावरून खाली आणि मग नवऱ्याच्या तोंडावर नजर आणली. त्यांना डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. वाकडा झालेला ओठ थरथरला.

"खो..." असा आवाज आला. वन्संच्या हातातला टॉवेल तसाच राहिला.

"खोटं," सासूबाई म्हणाल्या.

"खोटंच!" मामंजी ओरडले, खुर्चीतून उठलेच. "खोटंच आहे गं! डोंबलाची छान! तू पडलीस त्या दिवसापासून एक दिवस धड नाही. दवाखान्यात नुसता कोंदटपणा, श्वास कुठून घ्यावा माणसानं? मग तो मेला वारा. एक कपाट किती वेळा घासलं, धूळ ती धूळच! आणि घरी यावं तर गारठा. या उकाड्यात घरात गारठा, सांग बघू, कुणाला खरं वाटेल?"

डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, आणि बोलणं थांबत नव्हतं. वन्सं "बाबा, अहो..." करत उठल्या. मी त्यांचा दंड धरला. जन्मात कधी धरला नव्हता. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि काय वाटलं कुणास ठाऊक, त्या मुकाट्यानं खाली बसल्या आणि टॉवेल तोंडाला लावून रडायला लागल्या.

पलंगाच्या कडेला हात टेकून मामंजींनी सगळी हवा सांगितली. तिच्याविना गेलेला एकेक दिवस, त्याचे ढग, त्याची ओल, त्याची धूळ. सासूबाईंनी डावा हात चादरीवरून सरकवत सरकवत आणला आणि त्यांच्या पॉलिशनं काळ्या पडलेल्या बोटांवर ठेवला. शेवटी दम लागून ते थांबले आणि शर्टाच्या बाहीनं नाक पुसायला लागले.

सासूबाई वाट बघत होत्या. मग त्यांनी ओठ जुळवले, कष्टानं, कपाळाला आठ्या घालून.

"अजून... सांगा."